पुराचा विमा: घरमालक आणि भाडेकरू यांना वारंवार पडणारे प्रश्न

घरात पाणी शिरल्यावर विमा कंपनीशी जो वाद होतो, त्याच्या मुळाशी अनेकदा ‘पूर’ या एका शब्दाचा अर्थ असतो. पॉलिसीत त्या शब्दाची व्याख्या काय आहे, ती कोणत्या मालमत्तेला लागू होते आणि ती मालमत्ता कोणाच्या नावावर आहे, या तीन गोष्टी आधी समजून घेतल्या, तर पुढचे अनेक प्रश्न सोपे होतात. देशोदेशीचे नियम वेगळे असल्यामुळे खालील उत्तरांत जिथे एखाद्या देशाचा नियम सांगितला आहे, तिथे त्या देशाचे नाव दिले आहे. आपल्या पॉलिसीतील मजकूर मात्र प्रत्येकाने स्वतः वाचावा.

घराचा विमा आधीच आहे. मग पुरासाठी वेगळा विमा कशाला हवा?

हे तुम्ही कोणत्या देशात राहता यावर अवलंबून आहे. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यातून पूर स्पष्टपणे वगळलेला असतो आणि त्यासाठी स्वतंत्र पॉलिसी घ्यावी लागते. खासगी कंपन्या हा धोका पत्करायला तयार नव्हत्या म्हणून तिथे १९६८ साली राष्ट्रीय पूर विमा कार्यक्रम सुरू झाला आणि तो आज ‘फेमा’ या संघराज्य शासनाच्या संस्थेमार्फत चालतो. ब्रिटनमध्ये पुराचे संरक्षण बहुधा घराच्या विम्यातच असते. भारतात १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते आणि तिच्यात वादळ, पूर व जलमय होणे हे धोके मुळातच धरलेले आहेत. जर्मनीत नैसर्गिक आपत्तींचे संरक्षण हे मूळ विम्याला जोडून घ्यायचे ऐच्छिक कलम आहे. जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला, तेव्हा ते कलम न घेतलेल्या अनेक कुटुंबांना आपल्या विम्यात पूर नाही हे उद्ध्वस्त घरासमोर उभे असताना कळले.

विम्याच्या भाषेत ‘पूर’ म्हणजे नेमके काय?

या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने द्यायला हवे, कारण दावा मंजूर होणार की नाही हे बहुतेक वेळा इथेच ठरते. घरातल्या जमिनीवर साचलेले पाणी आपल्याला एकसारखेच दिसते. विमा कंपनी मात्र ते कोणत्या वाटेने आले हे विचारते. नळाची वाहिनी फुटून आलेले पाणी, छपरातून गळलेले पावसाचे पाणी, रस्त्यावरून उंबरठा ओलांडून आत शिरलेले पाणी, गटार तुंबल्यामुळे न्हाणीघरातून उलटे वर आलेले पाणी आणि जमिनीखालून भिंतीत झिरपलेले पाणी, हे विम्याच्या दृष्टीने पाच वेगळे प्रसंग आहेत आणि प्रत्येकाला वेगळे कलम लागू होऊ शकते. वाहिनी फुटल्याचे नुकसान घराच्या साध्या विम्यातून मिळण्याची शक्यता असते. गटाराचे उलटे आलेले पाणी पुष्कळ पॉलिसींत वगळलेले असते किंवा त्यासाठी जादा हप्ता भरून स्वतंत्र कलम घ्यावे लागते. झिरपण्याने हळूहळू होणारे नुकसान सहसा कुठेच बसत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, एरवी कोरडी असणारी किमान दोन एकर जमीन किंवा किमान दोन मालमत्ता तात्पुरत्या पाण्याखाली जाणे, अशी पुराची व्याख्या आहे आणि त्या दोनपैकी एक मालमत्ता तुमची असावी लागते. म्हणजे केवळ तुमच्याच अंगणात पाणी साचून घरात शिरले, तर तो या पॉलिसीच्या लेखी पूर ठरेलच असे नाही. ऑस्ट्रेलियात २०११ च्या पुरानंतर हाच घोळ मोठ्या प्रमाणावर समोर आला. नदी फुगून आलेले पाणी आणि पावसाचे वाहून आलेले पाणी यांत कंपन्या आपापल्या परीने भेद करत होत्या, त्यामुळे शेजारशेजारच्या घरांना वेगवेगळी उत्तरे मिळाली. अखेर तिथल्या सरकारने २०१२ साली घराच्या विम्यासाठी पुराची एकच प्रमाणित व्याख्या कायद्याने ठरवून दिली.

चक्रीवादळात प्रश्न आणखी अवघड होतो, कारण वारा आणि समुद्राची लाट दोन्ही एकाच रात्री येतात. २००५ सालच्या कॅटरिना चक्रीवादळानंतर अमेरिकेच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी घराचा फक्त पाया उरला होता. घराच्या विम्यात वाऱ्याचे नुकसान होते, पाण्याचे नव्हते. घर वाऱ्याने पाडले की पाण्याने वाहून नेले, यावर वर्षानुवर्षे खटले चालले. म्हणून किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी भरतीच्या लाटेचे पाणी पॉलिसीच्या कोणत्या कलमात मोडते, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

मी भाड्याच्या घरात राहतो. घरमालकाचा विमा मला पुरेसा नाही का?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. घरमालकाची पॉलिसी त्याच्या मालकीच्या वस्तूचे, म्हणजे वास्तूचे आणि फार तर त्याने घरात ठेवलेल्या सामानाचे रक्षण करते. तुमचे कपडे, पलंग, संगणक, मुलांची पुस्तके, स्वयंपाकघरातील यंत्रे यांत मालकाचे कसलेही विमाहित नाही, म्हणजे त्या बुडाल्या तरी त्याचा स्वतःचा आर्थिक तोटा होत नाही, त्यामुळे त्याने कितीही मोठ्या रकमेची पॉलिसी घेतली तरी त्यातून तुम्हाला काही मिळणार नाही.

भाडेकरूला स्वतःच्या सामानापुरता विमा घेता येतो. तो वास्तूच्या विम्यापेक्षा बराच स्वस्त असतो, कारण त्यात भिंती आणि छप्पर येत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात भाडेकरू १,००,००० डॉलरपर्यंत सामानाचा विमा घेऊ शकतो. भारतात ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी केवळ घरातील सामानासाठीही घेता येते. फ्रान्समध्ये भाडेकरूला विमा घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे, पण कायद्याला अपेक्षित असलेला किमान विमा हा भाडेकरूकडून घरमालकाच्या वास्तूला होणाऱ्या नुकसानीपुरता असतो. स्वतःचे सामान त्यात धरायचे तर विस्तारित पॉलिसी घ्यावी लागते. तळमजल्यावर राहणाऱ्या भाडेकरूने तरी हा खर्च टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विम्याबरोबर भाडेकरारही वाचावा. घर राहण्याजोगे उरले नाही तर भाडे थांबते का, अनामत रक्कम परत कधी मिळते आणि दुरुस्तीच्या काळात करार चालू राहतो का, याची उत्तरे पॉलिसीत नसून करारात आणि स्थानिक भाडे कायद्यात असतात.

वास्तू कोणती आणि सामान कोणते, हे कसे ओळखायचे?

वास्तूला कायमचे जोडलेले ते वास्तूचे आणि उचलून नेता येते ते सामान, हा ढोबळ नियम आहे. भिंती, फरशी, विजेची जोडणी, भिंतीत बसवलेली कपाटे वास्तूत मोडतात, तर फर्निचर, कपडे, दूरदर्शन संच सामानात मोडतात. काही वस्तूंच्या बाबतीत मात्र हा नियम फसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय पॉलिसीत फ्रिज आणि शेगडी वास्तूच्या विम्यात धरतात, पण कपडे धुण्याचे यंत्र सामानात धरतात. त्या कार्यक्रमात वास्तू आणि सामान यांचे विमे वेगवेगळे घ्यावे लागतात, त्यामुळे केवळ वास्तूचा विमा घेतलेल्या घरमालकाला भिजलेल्या गाद्यांचे पैसे मिळत नाहीत. भारतातील प्रमाणित पॉलिसीत वास्तूचा विमा घेतला की तिच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील साधारण सामान आपोआप समाविष्ट होते. त्याहून जास्त किमतीचे सामान असेल तर ते वेगळे जाहीर करावे लागते.

आमचा फ्लॅट मोठ्या इमारतीत आहे. विमा कोणी घ्यायचा?

इमारतीचा सामाईक भाग, म्हणजे पाया, जिने, उद्वाहन, पाण्याचे पंप, वाहनतळ, यांचा विमा गृहसंस्थेने किंवा इमारतीच्या मंडळाने घ्यावा. फ्लॅटच्या आतील बांधकाम आणि सजावट यांचा विमा फ्लॅटच्या मालकाने आणि सामानाचा विमा तिथे राहणाऱ्याने घ्यावा. गोंधळ होतो तो या तीन पॉलिसींच्या सीमारेषेवर. संस्थेची पॉलिसी आतल्या फरशीपर्यंत येते की बाहेरच्या भिंतीपाशी थांबते, हे संस्थेकडून पॉलिसीची प्रत मागून तपासावे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही यात हित आहे, कारण तळघरातील विजेचे पॅनेल किंवा उद्वाहनाचे यंत्र बुडाले तर दुरुस्तीची वर्गणी सगळ्यांनाच भरावी लागते.

विमा किती रकमेचा असावा?

वास्तूचा विमा घराच्या बाजारभावाने काढू नये. बाजारभावात जमिनीची किंमत असते आणि जमिनीचा विमा नसतो. तेच घर आजच्या मजुरीच्या आणि साहित्याच्या दराने पुन्हा बांधायला किती खर्च येईल, ती रक्कम धरावी.

ही रक्कम कमी दाखवून हप्ता वाचवण्याचा मोह धोक्याचा आहे. अनेक पॉलिसींत सरासरीचे कलम असते. समजा घर पुन्हा बांधायला १०० रुपये लागतात आणि तुम्ही विमा ६० रुपयांचाच घेतला. पुरात २० रुपयांचे नुकसान झाले, तर कंपनी म्हणते की तुम्ही ६० टक्केच विमा घेतला होता, म्हणून भरपाईही ६० टक्केच, म्हणजे १२ रुपये. नुकसान विमा रकमेपेक्षा कितीतरी कमी असूनही उरलेले ८ रुपये तुमच्या खिशातून जातात. भारतातील ‘भारत गृह रक्षा’मध्ये अशी कपात होत नाही, फक्त क्षेत्रफळासारखी माहिती खरी दिलेली असली पाहिजे. हा त्या पॉलिसीचा मोठा गुण आहे.

अमेरिकेत राष्ट्रीय कार्यक्रमातून एका कुटुंबाच्या घराच्या वास्तूसाठी कमाल २,५०,००० डॉलरचाच विमा मिळतो. त्याहून मोठ्या रकमेसाठी खासगी कंपनीकडून पूरक पॉलिसी घ्यावी लागते.

जुन्या वस्तूची भरपाई नव्या किमतीने मिळते का?

काही पॉलिसी नवी वस्तू आणण्याचा खर्च देतात, तर काही घसारा, म्हणजे वापरामुळे वस्तूच्या किमतीत झालेली घट, वजा करतात. आठ वर्षांच्या सोफ्याच्या बाबतीत हा फरक फार मोठा असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सामानाची भरपाई नेहमी घसारा वजा करूनच मिळते. वास्तूची भरपाई पूर्ण खर्चाने मिळण्यासाठी ते मालकाचे मुख्य निवासस्थान असलेले एका कुटुंबाचे घर असावे लागते आणि विमा पुनर्बांधणी खर्चाच्या किमान ८० टक्के किंवा कार्यक्रमातील कमाल रकमेइतका असावा लागतो.

कोणत्या गोष्टी सहसा वगळलेल्या असतात?

तळघराकडे सर्वांत आधी पाहावे. अमेरिकेच्या कार्यक्रमात तळघरातील मोजक्याच गोष्टींचे, उदाहरणार्थ पाणी तापवण्याचे यंत्र किंवा विजेचे पॅनेल यांचे, संरक्षण मिळते. तिथे ठेवलेले फर्निचर, गालिचे आणि सजावट यांचे मिळत नाही. बाग, कुंपण, अंगणातील फरसबंदी, रोख रक्कम आणि महत्त्वाचे दस्तऐवज बहुधा सगळीकडे वगळलेले असतात. दागिने आणि कलावस्तू यांच्यावर कमाल मर्यादा असते. वाहनाचे नुकसान घराच्या विम्यातून मिळत नाही. त्यासाठी वाहनाचा सर्वसमावेशक विमा हवा, केवळ तृतीय पक्ष विमा असेल तर बुडालेल्या गाडीचे काहीच मिळणार नाही.

घर दुरुस्त होईपर्यंत दुसरीकडे राहण्याचा खर्च हा स्वतंत्र मुद्दा आहे. अमेरिकेची राष्ट्रीय पॉलिसी तो देत नाही, भारतातील प्रमाणित पॉलिसीत पर्यायी निवासाच्या भाड्याची तरतूद आहे. ज्या कुटुंबात लहान मुले किंवा आजारी माणसे आहेत, त्यांनी पॉलिसींची तुलना करताना या एका कलमाला बरेच वजन द्यावे.

अतिवृष्टीचा इशारा आल्यावर विमा घेतला तर चालेल का?

बहुधा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पॉलिसी घेतल्यापासून साधारणपणे ३० दिवसांनी संरक्षण सुरू होते. गृहकर्ज घेतानाच पॉलिसी घेतली असेल तर ही प्रतीक्षा नसते. स्पेनमध्ये पूर आणि तत्सम असाधारण आपत्तींची भरपाई विमा भरपाई संघ ही सार्वजनिक संस्था देते आणि तिथे ७ दिवसांची प्रतीक्षा आहे. जिथे असा लेखी नियम नाही, तिथेही वादळ किनाऱ्याकडे निघाले की कंपन्या त्या भागात नव्या पॉलिसी देणे थांबवू शकतात. पावसाळ्याच्या तोंडावर न थांबता कोरड्या महिन्यांतच हे काम उरकावे आणि नूतनीकरणाची तारीख पावसाळ्यात येत असेल तर ती चुकू देऊ नये.

आमचे घर पूररेषेच्या बाहेर आहे. तरीही गरज आहे का?

पूररेषा, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणारी नकाशावरची रेषा, ही सुरक्षितता आणि धोका यांच्यामधली भिंत नव्हे. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग फार दिशाभूल करतो, कारण ऐकणाऱ्याला वाटते की एकदा येऊन गेला म्हणजे आता शंभर वर्षे निश्चिंती. त्याचा खरा अर्थ असा की दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता १ टक्का आहे. दर वर्षीची ही १ टक्का शक्यता ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत साठत जाऊन सुमारे २६ टक्क्यांवर पोचते. म्हणजे तसा पूर जिथवर येतो त्या रेषेच्या आतल्या घराला कर्ज फिटेपर्यंत किमान एकदा पूर पाहावा लागण्याची शक्यता चारात एकाहून थोडी अधिक आहे. रेषेपासून हाकेच्या अंतरावरील घराची शक्यता काही एकदम शून्यावर येत नाही.

दुसरे असे की पूररेषेचे नकाशे प्रामुख्याने नदी आणि समुद्र यांचा विचार करून आखलेले असतात. दोन तासांत कोसळलेल्या पावसाचे पाणी गटारांना न पेलल्यामुळे शहरात जो पूर येतो, तो या नकाशांत अनेकदा दिसत नाही. नकाशा जुना असेल आणि त्यानंतर वरच्या अंगाला काँक्रीटीकरण झाले असेल, तर त्यावर विसंबणे आणखी चुकीचे ठरते. पूररेषेबाहेरच्या भागात हप्ता तुलनेने कमी असतो, हेही लक्षात घ्यावे.

बँकेने कर्ज देताना विमा करून घेतला होता. तो पुरेसा आहे ना?

आधी तो कशाचा विमा आहे ते पाहावे. कर्जदाराचा मृत्यू झाल्यास कर्ज फेडणारा जीवन विमा आणि घराचा विमा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण कर्जाच्या कागदपत्रांच्या गठ्ठ्यात त्यांची सरमिसळ होते आणि कित्येक जण पहिल्यालाच घराचा विमा समजून बसतात. घराचा विमा असला तरी तो कधी कधी शिल्लक कर्जाइतकाच आणि केवळ वास्तूचाच असतो, कारण बँकेला आपले तारण सुरक्षित ठेवायचे असते. कर्ज फिटल्यावर ती पॉलिसी संपली तर ते लक्षातही येत नाही.

हप्ता कशावर ठरतो आणि तो कमी करता येतो का?

पाण्यापासूनचे अंतर, जमिनीची आणि सर्वांत खालच्या मजल्याची उंची, बांधकामाचा प्रकार, पुनर्बांधणीचा खर्च आणि पूर्वीचे दावे हे मुख्य घटक आहेत. अमेरिकेच्या कार्यक्रमाने ऑक्टोबर २०२१ पासून केवळ नकाशातील विभागावरून दर ठरवणे सोडून प्रत्येक घराचा धोका वेगळा मोजायला सुरुवात केली. विजेचे मीटर, जनित्र, वातानुकूलनाचे बाहेरचे यंत्र वर उचलून बसवले तर नुकसान कमी होते आणि काही ठिकाणी हप्ताही कमी होतो. जास्त स्ववजावट, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा भाग, स्वीकारूनही हप्ता घटतो, पण पूर आल्यावर ती रक्कम लगेच हातात असायला हवी.

ब्रिटनमध्ये धोक्याच्या भागातील घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून २०१६ पासून ‘फ्लड री’ ही पुनर्विमा योजना, म्हणजे विमा कंपन्यांवरचा धोका स्वतःवर घेणारी योजना, चालते. तिचा खर्च सर्व गृहविमा कंपन्यांकडून घेतलेल्या आकारणीतून भागतो आणि ती २०३९ पर्यंत चालवायची आहे. १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरे मुद्दाम तिच्याबाहेर ठेवली आहेत, जेणेकरून पूरक्षेत्रात नवी बांधकामे करण्यास प्रोत्साहन मिळू नये. तिथे घर विकत किंवा भाड्याने घेताना बांधकामाचे वर्ष विचारणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

पूर्वी घरात पाणी आले होते, ही गोष्ट अर्जात लपवू नये. हप्ता थोडा वाढेल, पण लपवल्याचे उघड झाले तर दावाच नाकारला जाऊ शकतो.

सरकारची मदत मिळतेच, मग विमा कशाला?

सरकारी मदतीचा हेतू तातडीच्या गरजा भागवणे हा असतो. घर पूर्ववत करणे हा सहसा नसतो. अमेरिकेत ती आपत्ती अधिकृतपणे जाहीर झाली तरच मिळते आणि तिचा मोठा भाग परतफेडीच्या कर्जाच्या रूपात असतो.

पाणी ओसरल्यावर पहिल्या काही दिवसांत काय करावे?

वीजपुरवठा बंद असल्याची आणि भिंती भक्कम असल्याची खात्री झाल्याशिवाय आत जाऊ नये. आत गेल्यावर काहीही हलवण्याआधी छायाचित्रे आणि चित्रफीत घ्यावी. भिंतीवर उमटलेली पाण्याची रेघ हा सर्वांत बोलका पुरावा असतो; तिच्याशेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे. यंत्रांवरील अनुक्रमांकाची पट्टी स्वतंत्रपणे टिपावी.

त्याच दिवशी कंपनीला कळवावे आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्यावा. विमा कंपनीचा सर्वेक्षक येईपर्यंत सामान फेकू नये, हा सल्ला सगळे देतात, पण कुजलेल्या गाद्या आणि धान्य घरात ठेवणे आरोग्याला घातक असते. अशा वेळी कंपनीला लेखी कळवून, छायाचित्रे घेऊन आणि गालिचा, पडदा, गादीचे कापड यांचा तुकडा कापून ठेवून बाकीचे टाकावे. दुसरीकडे, काहीच न करता बसून राहणेही चुकीचे आहे. नुकसान वाढू नये म्हणून खोल्या वाळवणे आणि छप्पर झाकणे ही विमाधारकाचीच जबाबदारी मानली जाते आणि दुर्लक्षामुळे वाढलेल्या बुरशीचे पैसे कंपनी नाकारू शकते. या तात्पुरत्या कामांच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

मुदती देशागणिक बदलतात. अमेरिकेच्या कार्यक्रमात सही केलेले नुकसानीचे निवेदन साधारणपणे ६० दिवसांत द्यावे लागते. फ्रान्समध्ये सरकारने नैसर्गिक आपत्तीचा आदेश प्रसिद्ध केल्यापासून ३० दिवसांत दावा कळवावा लागतो आणि तो आदेश निघाल्याशिवाय या तरतुदीखाली भरपाई मिळत नाही.

सामानाची यादी पुरानंतर आठवून करणे फार कठीण जाते. आजच प्रत्येक खोलीची, कपाटे उघडून, एक चित्रफीत घ्यावी आणि ती पावत्यांसह घराबाहेर कुठेतरी, म्हणजे ऑनलाइन साठवणीत किंवा नातेवाइकांकडे, ठेवावी.

दावा नाकारला किंवा फार कमी रक्कम मंजूर झाली तर?

नकाराचे कारण कलमाच्या क्रमांकासह लेखी मागावे आणि सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मिळवावी. अनेकदा वाद कलमाचा नसून मोजमापाचा असतो, उदाहरणार्थ ओल्या झालेल्या भिंतीची उंची कमी लिहिलेली असते. अशा वेळी स्वतंत्र अभियंत्याचा अंदाज आणि तुमची छायाचित्रे जोडून फेरविचाराचा अर्ज करावा.

कंपनीच्या तक्रार विभागाकडून समाधान झाले नाही, तर भारतात विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही, वकिलाची गरज नसते आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई मिळू शकते. तक्रार कंपनीच्या नकारापासून एका वर्षात करावी लागते. ब्रिटनमध्ये वित्तीय लोकपाल सेवा हेच काम करते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात नकाराच्या पत्रापासून ६० दिवसांत फेमाकडे अपील करता येते आणि न्यायालयात जायचे असेल तर त्याच पत्रापासून एक वर्षाची मुदत असते. अपील चालू आहे म्हणून ती एक वर्षाची मुदत वाढत नाही, हे तिथल्या विमाधारकांनी पहिल्याच दिवशी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे.